पंधरावी तुळई

५ नोव्हेंबर १९९४, शनिवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा, पण माझं अक्षर मोठं यायचं ते फक्त शाळेच्या फळ्यावर. सकाळी अकरा वाजता नगराध्यक्षांनी पडदा बाजूला केला आणि संग्रहालयाच्या दारावरच्या यादीत अकरावं नाव उजेडात आलं: वेसेल तेरबोर्ख. म्हणजे मी. सोन्याचा मुलामा इतका ताजा होता की हात लावायची भीती वाटली. ही यादी म्हणजे ओकची एक सबंध तुळई आहे, जुन्या संचातली एकटी उरलेली. रंधा मारून तिच्यावर १८५३ पासूनचे रोडेनवार्डचे सगळे वेसप्रमुख कोरले आहेत. अकरापैकी नऊ तेरबोर्ख. उरलेले दोघे आमचे जावई.

वेसप्रमुखाचं काम सांगायला सोपं. वाल नदी चढली की पाणवेशीच्या कमानीत, दोन्ही बाजूंच्या दगडी खाचांत, चौदा तुळया एकावर एक उतरवायच्या, आतून शेण आणि चिकणमाती ठासायची आणि गाव बंद करायचं. नोव्हेंबरचा पहिला शनिवार हा त्याच्या तालमीचा दिवस. यंदा मी तालीम ठेवली नाही. गेल्या फेब्रुवारीत मी त्या चौदाही तुळया वेशीशेजारच्या ओलसर कोठारातून काढून संग्रहालयात आणल्या. धुतल्या, पुसल्या, दिव्यांखाली मांडल्या. आता पुन्हा वेशीत नेऊन त्यांना ओरखडे कशाला पाडायचे? त्याऐवजी मी स्लाइड दाखवून पाऊण तास व्याख्यान दिलं.

मागच्या रांगेत हिल्ले द्रोस्त बसली होती. गावचं सुतारकाम पाच पिढ्या तिच्या घरात आहे, आणि बाप गेल्यावर तिनेच दुकान चालवलं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे ती माझं ऐकत नाही.

व्याख्यान संपल्यावर ती म्हणाली, "मास्तर, व्याख्यान ऐकून लाकूड फुगत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण नगराध्यक्ष हसत होते.

कोणीतरी विचारलं की सगळ्या तुळयांच्या डाव्या टोकाला रोमन आकडा आहे, मग यादीच्या तुळईला का नाही. मी तोंड उघडायच्या आत हिल्लेच बोलली. "रंधा मारला तेव्हा तिचा आकडा गेला. आणि आमच्यात नवा आकडा असा फुकट मिळत नाही. एक पूर वेशीत उभं राहून काढावा लागतो. तोवर ते नुसतं लाकूड."

नाव असताना आकडा कशाला हवा, असं मी म्हणालो. उत्तर बरं जमलं होतं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

संग्रहालयात दाराजवळच्या तीन तुळयांखाली, एक, दोन आणि तीन नंबरच्या, पाण्याची थारोळी. हीटर चालू, आर्द्रतेचं यंत्र चालू, आणि फरशीवर पाणी! छप्पर गळतंय. नगरपालिकेला पत्र लिहिलं, जरा कडकच.

परतताना हिल्ले दिसली. हातात पत्र्याची झारी आणि खांद्यावर ओली गोणपाटं. या दिवसांत कसली बाग फुलवतेस, म्हणून विचारलं. म्हणाली, "जुनी झाडं आहेत, मास्तर. त्यांना हिवाळ्यातच जास्त लागतं." बिचारी. वय होत चाललंय तिचं. माझ्याहून एक वर्षाने लहान आहे, पण एकटी राहते ना.

२७ नोव्हेंबर, रविवार

गावाच्या इतिहासाचं हस्तलिखित संपत आलं. दोनशे बारा पानं. आज तटबंदीचं प्रकरण पुरं केलं. १५७४ साली स्पॅनिश फौज तेवीस दिवस आमच्या तटाबाहेर चिखलात बसली आणि उठून गेली, हे वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. १६७२ साली फ्रेंच आले तेव्हा गावाने परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करून वेस उघडली, असं लिहिलंय. इतकं पुरे. शेजारच्या सगळ्या गावांनी गेल्या शतकात आपापले तट पाडले, विटा विकल्या, खंदक बुजवून बागा केल्या. एकट्या रोडेनवार्डने तट राखला. 'पूर्वजांच्या दूरदृष्टीने', असे माझे शब्द.

हिल्ले संग्रहालयाच्या खिडकीची बिजागरी बसवायला आली होती, तिला ही दोन पानं वाचून दाखवली.

"दूरदृष्टी कसली? पाडायला मजूर मिळाले नाहीत," ती म्हणाली. "माझा पणजोबा सांगायचा. सगळे वीटभट्टीवर कामाला होते. पुढच्या वर्षी पाडू, पुढच्या वर्षी पाडू, असं करत तट राहिला."

"राहिला ना? मग झालं."

"राहिला," ती म्हणाली, आणि बिजागरीवर हात फिरवला. "ते खरं. देखणा राहिला."

मग मी महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्याचं पान वाचलं. गाव गारठलं होतं, लोकांनी जिने, पलंग, चर्चमधली बाकं जाळली, पण वेसप्रमुख यान तेरबोर्ख, म्हणजे माझे वडील, यांनी कोठारावर पहारा देऊन चौदाच्या चौदा तुळया वाचवल्या. हिल्लेने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाली, "छान लिहिलंयस." आणि बिजागरी अर्धी सोडून घरी गेली. तिला त्या दिवसांची आठवण सोसत नसावी. तिचे वडील त्याच वसंतात न्यूमोनियाने गेले.

८ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा थारोळी. पुन्हा त्याच तीन तुळया. आता मला वाटतं, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. संग्रहालयाचं कुलूप बदलून घेतलं. जुन्या कुलपाची एक किल्ली हिल्लेकडे होती, दारं तिनेच केली म्हणून. नवी दिली नाही. ती फक्त म्हणाली, "मग हीटर तरी कमी कर."

केला नाही. आर्द्रतेचं यंत्र बरोबर पंचेचाळीस दाखवतंय.

२२ जानेवारी १९९५, रविवार

दहा दिवस पाऊस. जर्मनीतही पाऊस, तिकडचं सगळं पाणी आमच्याकडेच येतं. नदीकाठची कुरणं गेली, कुंपणाचे नुसते खांब दिसताहेत. आज बुरुजावर अर्धं गाव पाणी बघायला उभं होतं. मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. मी १८६१ च्या पुराची गोष्ट सांगितली, लोक जवळ सरकून ऐकत होते. मनातल्या मनात, हे इथे लिहायला हरकत नाही, मला थोडा आनंद होत होता. सहासष्ट वर्षांत मी एकदाही खरी वेस लावलेली नाही.

२९ जानेवारी, रविवार

लाज वाटते, पण लिहितो.

सकाळी जलमंडळाचा आदेश आला: संध्याकाळपर्यंत पाणवेस बंद करा. मी वडिलांचा काळा कोट घातला. बत्तीस माणसं आली. बँड नव्हता, तरी सगळे रांगेत चालत होते. तुळया संग्रहालयातून गाडीवर घातल्या, वेशीशी आणल्या. पहिली, दुसरी, तिसरी झोकात बसल्या. चौथी हलकी वाटली. पाचवी खाचेत खडखडली. सातवीला पीळ पडला होता, तिच्याखाली बोट जाईल एवढी फट. चौदावी बसली तेव्हा मी वर पाहिलं. कमानीच्या दगडात पूर्वजांनी कोरलेली रेघ आहे, चौदावीचा माथा त्या रेघेला टेकायला हवा. टेकला नव्हता. हिल्लेने शिडीवर चढून पट्टी लावली.

"बारा सेंटीमीटर," ती वरूनच म्हणाली.

"खालचा उंबरा खचला असेल," मी म्हणालो.

"उंबरा दगडाचा आहे, वेसेल." मास्तर म्हणाली नाही. "तू वर्षभर त्यांना भट्टीशेजारी ठेवलंस. एकेकीचं सेंटीमीटरहून जरा जास्त गेलं. बारा. मोज."

मी मोजलं. बत्तीस माणसं बघत होती. चौथीपासून चौदावीपर्यंत प्रत्येक तुळई आक्रसलेली. पहिल्या तीन मात्र होत्या तेवढ्याच. असं का, ते मला कळेना. मी म्हणालो, त्यांच्यावर छप्पर गळत होतं म्हणून असेल. हिल्ले शिडीवरून उतरताना म्हणाली, "हो, छप्परच असणार."

मग दुपारभर शेण. घोड्यांच्या तबेल्यातून आलेलं, वाफाळतं. मी काळ्या कोटात फावडं मारत होतो. सातवीच्या फटीत हिल्ले कोपरापर्यंत हात घालून माती भरत होती. तेव्हाच तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"युद्धाच्या हिवाळ्यात तुझ्या वडिलांनी कोठारावर पहारा दिला, खरंय. पण कोठारात काय होतं? उंदीर. तुळया खंदकात होत्या. माझ्या बापाने गळ्याएवढ्या पाण्यात उतरून चौदाही बुडवल्या, दगड बांधून. तुझ्या वडिलांना ठाऊक होतं. दोघांनी मिळूनच ठरवलं. एकाने रिकाम्या कोठारावर उभं राहायचं, म्हणजे लोक तिकडे बघतील. वसंतात काढल्या तर गच्च फुगलेल्या, एकेक घणाने ठोकून बसवावी लागली. बाबा म्हणाला, यांना पाण्यातच बरं वाटतं. पंधरा दिवसांनी तो गेला."

"तू पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"तू विचारलं कधी? तू सांगत होतास. मी ऐकत होते."

३० जानेवारी, सोमवार

गाव रिकामं करायचा हुकूम. सकाळपासून गाड्यांची रांग. गाई ट्रकात चढायला तयार नव्हत्या, त्यांचं हंबरणं तटाच्या आत घुमत होतं. लोकांनी गालिचे वरच्या मजल्यावर नेले, पिंजऱ्यातले पक्षी मांडीवर घेतले आणि निघाले. वेशीसाठी फक्त बारा जणांना थांबायची परवानगी मिळाली.

जलमंडळाचा इंजिनीअर आला. तरुण, डोळे तांबारलेले, तीन रात्री झोपला नसावा. त्याने कागद पुढे केला: बुधवारी सकाळी पाणी दगडातल्या रेघेच्या सहा सेंटीमीटर खालपर्यंत चढेल.

म्हणजे तुळया धड असत्या तर निभावलं असतं. आता सहा सेंटीमीटर वरून वाहणार.

"सहा सेंटीमीटर वाहिलं तर वाहिलं," नगराध्यक्ष म्हणाले. "तळघरं भरतील, एवढंच ना?"

"एकदा वरून वाहायला लागलं की आधी शेण जाईल, मग माती, मग तुळया," हिल्ले म्हणाली. "मग वेस. आणि गाव नदीपेक्षा दोन पुरुष खाली आहे, साहेब."

वाळूच्या पिशव्या? इंजिनीअर म्हणाला, सगळ्या पूर्वेच्या कच्च्या बांधाकडे गेल्या आहेत, आणि असत्या तरी वीतभर रुंद तुळईवर त्या लाटांपुढे टिकणार नाहीत. "खाचेत अडकेल असंच काही हवं. गावात या मापाचं ओकचं दुसरं लाकूड आहे का? तीन मीटर वीस लांब, एवढंच जाड?"

 मी चर्चच्या बाकांचा विचार केला. खानावळीच्या काउंटरचा केला. गिरणीच्या आसाचा केला, तो गोल आहे. अकराही जण जमिनीकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि माझ्या तोंडासमोर कोणी म्हणणार नाही. हिल्लेसुद्धा नाही. जिने जन्मभर माझी फिरकी घेतली, ती बुटाचा चिखल काढत होती.

मला वाटत होतं, कोणीतरी म्हणावं. म्हणजे मला रागावता तरी आलं असतं.

"यादी उतरवा," मी म्हणालो.

"मास्तर, तुमचं नाव..." नगराध्यक्ष म्हणाले.

"जुन्या संचातली आहे. याच खाचेची आहे. उतरवा."

ती खाली आली तेव्हा पाठीमागे कोळ्यांची जाळी होती आणि पुढे अकरा सोनेरी नावं. नावं गावाकडे की नदीकडे, असं इंजिनीअरने विचारलं. त्याला ते फक्त बसवण्याच्या दृष्टीने हवं होतं. मी म्हणालो, नदीकडे. आलेल्या पाहुण्याला घरातल्यांची ओळख नको का करून द्यायला? तेवढ्यात एकदा सगळे हसले. दोर लावून ती चढवली, खाचांत सोडली. निम्म्यावर अडकली. हिल्लेने घण मागितला, मग थांबली आणि तो माझ्या हातात दिला. पाच घाव घातले. ती दणकन बसली. तो आवाज अजून माझ्या दंडात आहे.

१ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सव्वानऊ. पाणी चढायचं थांबलं.

यादीच्या तुळईच्या तळापासून वर सहा सेंटीमीटर. खालच्या ओळीतली नावं बुडाली, त्यात मीही. इंजिनीअरचा हिशेब केसभरही चुकला नाही. मी बुरुजावरून दोन्ही बाजू पाहिल्या. एका बाजूला नदी, रुंद, तपकिरी, कोणाचीतरी कोंबड्यांची खुराडी घेऊन चाललेली. दुसऱ्या बाजूला, पुरुष-दोन पुरुष खाली, आमच्या कोरड्या गल्ल्या, कोरडा बाजारचौक, कोणीतरी विसरलेली सायकल. मधे सहाशे वर्षांची वीट आणि पंधरा लाकडं. एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि त्यात माझी शेखी मिरवण्यासारखं काही नव्हतं. तरी वाटला. रडलो. इथे कोण वाचतंय.

हिल्लेने वाटाण्याचं घट्ट सूप आणि राईच्या पावाचे जाड तुकडे आणले होते. आम्ही तटावर बसून खाल्लं. हाताला शेणाचा वास होता. सातवीची फट झिरपायची थांबली होती, लाकूड फुगायला लागलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "जरा पाणी पाजलं की येतात शुद्धीवर. म्हाताऱ्या मास्तरांसारख्याच."

सूप फार चांगलं होतं. तसं तिला सांगितलं तर ती उगाच लांब बघायला लागली.

५ फेब्रुवारी, रविवार

लोक परतले. चर्चची घंटा बारा मिनिटं वाजली. बायका वेशीशी येऊन तुळयांना हात लावून गेल्या. कोणी मला दोष दिला नाही, याचं जास्त लागतंय.

संध्याकाळी संग्रहालयाचं छप्पर तपासायला पोटमाळ्यावर गेलो. तीन आठवड्यांच्या पावसानंतर तिथे धूळ होती. एक थेंब नाही. खाली उतरून मागच्या दाराबाहेर पाहिलं, तर भिंतीशी गोणपाटांची घडी आणि पत्र्याची झारी. डिसेंबरपासून तिथेच असावी, मी कुलूप बदललं त्या दिवसापासून.

 मग झारी नेऊन हिल्लेच्या दाराशी ठेवली. झारीत पोलादी किल्ली टाकली, नव्या कुलपाची.

१२ फेब्रुवारी, रविवार

हस्तलिखितातलं युद्धाचं पान फाडलं, नवं लिहिलं. त्यात दोन माणसं आहेत. एक रिकाम्या कोठारासमोर उभं, एक गळाभर पाण्यात. १६७२ चंही बदललं: वेस उघडली, कारण घाबरलो. आणि तट राहिला, कारण मजूर मिळाले नाहीत. वाचून पाहिलं. गाव लहान झालंय असं वाटेना.

४ मार्च, शनिवार

आज तुळया वेशीतून काढल्या. फुगल्या होत्या, अर्धा दिवस लागला. चौदाही जुन्या ओलसर कोठारात परत, चिखलावर, आपापल्या जागी. संग्रहालयात आता त्यांचे फोटो राहतील. हीटर मी शाळेला देऊन टाकला.

यादीची तुळई मात्र बाहेर सुताराच्या लाकडी घोडीवर ठेवली होती. बरीच नावं फिकी पडलीत. नगराध्यक्ष म्हणाले, नव्याने मुलामा देऊन दारावर लावू. पुरात वेशीशी थांबलेल्या अकराही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हिल्लेला विचारलं, "तुमच्यातला नियम काय म्हणालीस? एक पूर उभं राहून काढावा लागतो."

"काढलाय तिने," हिल्ले म्हणाली. पटाशी आधीच तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिने तुळईच्या डाव्या टोकावर हात फिरवला आणि थांबली. "आकडा डाव्या टोकालाच येतो. सगळ्यांचा तिथेच आहे, म्हणजे अंधारातही बोटाला कळतं. पण तिथे तू आहेस, मास्तर."

होतो खरा. खालची ओळ, डावं टोक. जागा मीच निवडली होती, दारातून आत येणाऱ्याला पहिली दिसते म्हणून.

"कोर," मी म्हणालो.

"नक्की? पुन्हा भरता येत नाही."

"माझ्या वडिलांनी रिकामं कोठार राखलं. मी एवढं करू शकतो."

"मग घट्ट धर. हलवू नकोस."

मी दोन्ही हातांनी धरली. चार घाव. दोन तिरके एकमेकांना छेदून, दोन खाली येऊन मिळणारे. पंधरा. माझं आडनाव मधोमध गेलं. तिने फुंकर मारून ढलप्या उडवल्या आणि अंगठ्याने आकडा चाचपून पाहिला, तिच्या बापाची सवय.

मग आम्ही बारा जणांनी पंधरावी उचलून कोठारात नेली आणि चौदावीवर ठेवली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तालीम आहे, व्याख्यान नाही.

खाली पडलेल्या ढलप्या मी रुमालात बांधून आणल्यात. टेबलावर सोडल्या तर त्यांतल्या दोन-तीनवर अजून सोनं दिसतंय. हिल्ले उद्या सूप घेऊन येणार आहे, तेव्हा तिला दाखवीन.